निळ्या चादरीच्या जागी भिंत

तुमच्या कुंपणापलीकडे राहणारी बाई आंघोळ किती वाजता उरकते, हे कधी तुमच्या मनात आलंय का? प्रश्न आगाऊ वाटेल. मलाही वाटला असता. पण मुरगुडातल्या आमच्या परसात भिंत घालायची की जाळी, यावरून मी घरात भांडण काढलं, तेव्हा सगळा प्रश्न एवढाच होता. तो माहीत नसलेला घरातला मी एकटाच होतो.

आमच्या आणि शेजारच्या चाचांच्या परसात मेंदीचं जुनं, दाट कुंपण होतं. पाण्याची नवी पाइप टाकताना ते मुळासकट निघालं. चाचा गवंडी. आमच्या घराची पायरी न् पायरी त्यांनी बांधलेली, पण त्यांची स्वतःची न्हाणी तीन बाजूंनी पत्र्याची आणि चौथ्या बाजूला मेंदीच्या भरवशावर उघडी. मेंदी गेल्यावर चाचींनी तिथे दोरीवर एक निळी चादर टाकली. मला ती वाळत घातलेली वाटायची. सात महिने एकच चादर कशी वाळते, हे मी स्वतःला विचारलं नाही.

त्या चादरीच्या बरोबर समोर, पेरूच्या झाडाखाली, माझं टेबल होतं. रोज सकाळी सहा वाजता मी तिथे लिहायला बसायचो. माझ्या वडिलांचा, आबांचा, छोटा छापखाना आहे. मोर्च्यांची, संपांची पत्रकं वाचतच मी अक्षरं शिकलो. अन्यायाचा वास मला लांबून येतो, असा माझा समज होता.

एका संध्याकाळी आबा म्हणाले, "परसात भिंत घालायची. डोक्याच्या वर जाईल एवढी."

"कशापायी?"

"घालायची म्हणून."

"मेंदी लावूया की परत."

"तिला वाढायला दोन पावसाळं लागत्यात. तवर?"

"तवर काय अडलंय?"

आबांनी आईकडे बघितलं. आई भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही.

गावात त्या दिवसांत मोबाइलवरून काहीबाही फिरत होतं. कोण कुणाच्या शेजारी राहतं, याची लोक नव्याने चौकशी करू लागले होते. ते विष आबांनाही चढलं, असं मी धरून चाललो. पत्रकं छापून आयुष्य काढलेला माणूस, आणि शेजारी मुसलमान म्हणून भिंत घालतो! माझं डोकं तडकलं.

"घालायचंच असेल तर तारेची जाळी घाला," मी ओरडलो. "माणसाला माणूस दिसायला पाहिजे."

"दिसायला नको म्हणून तर—" आबा तिथेच थांबले.

मला हवी ती कबुली मिळाली होती.

आमच्या कोपऱ्यावरच्या तालमीबाहेर एक काळा फळा आहे. कुणाचा वाढदिवस, कुणाचं निधन, सगळं त्यावर खडूने लिहितात. अक्षर बरं म्हणून ते काम माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यावर लिहिलं: 'शेजाऱ्याच्या तोंडावर भिंत घालणाऱ्यांनो, कशाची भीती वाटते? भिंत नको, जाळी हवी. माणसाला माणूस दिसू द्या.' नाव कुणाचं लिहिलं नाही. पण त्याच सकाळी आमच्या दारात विटांचा ट्रॅक्टर उभा होता. गल्लीला आणखी काय लागतं?

"काय छापखानावालं, फळ्यावर लिव्हणारं पोरगं तुमचंच न्हवं?" कुणीतरी आबांना भर रस्त्यात विचारलं. आबा घरी आले आणि चपला न काढताच खुर्चीत बसले.

तेवढ्यात चाचा आले. रोज थेट चुलीपर्यंत येणारा माणूस उंबऱ्याबाहेर थांबला.

"भाऊ, भिंत राहू द्या. लोकं बोलाय लागल्यात. आमी चादरीवर भागवतो."

"चाचा, मी तुमच्याच बाजूनं लिहिलंय की!"

आई उठली.

"बाजूनं लिहिलंस व्हय? चल, बाजू दावतो तुला."

तिने माझं मनगट धरलं आणि परसातून ओढत नेलं. "भाभी, येतोय गं आमी!" अशी चाचींना हाक देऊन तिने मला न्हाणीत ढकललं. "बस त्या दगडावर."

मी बसलो. वाऱ्याने चादर उडाली. समोर माझं टेबल. माझी खुर्ची. सकाळचा चहाचा कप, त्याचा तुटका कानसुद्धा दिसत होता.

"ती चारला उठती," आई म्हणाली. "सहाला तू हजर. उशीर झाला की दिवसभर आंघूळ न्हाय. पुढल्या म्हैन्यात लेक येणार हाय बाळंतपणाला. तिला कुठं न्हाऊ घालायची? तुज्या जाळीत?"

"मला सांगायचं तरी."

"काय सांगायचं? वाढल्या पोराला बापानं सांगायचं, टेबल उचल, समोर बाई न्हाती? भाभीनं मला सांगितलं, मी ह्यांना. पुढं कुणाची जीभ रेटंना."

मी आधी टेबल उचललं. मग तालमीकडे गेलो आणि सगळ्यांदेखत बाहीने फळा पुसून लिहिलं: 'सकाळी मनाला आलं ते लिहिलं. ते चूक होतं. भिंत होणार. विटा भिजवायला हात हवेत.' दोघं आले. बाकीचे हसले.

कशाची भिंत, हे चाचींनी आधीच आईला सांगून ठेवलं होतं. पत्रा नको, दुपारचा तापतो, आत बाळ असणार. सिमेंटच्या तयार पट्ट्या नकोत, सांध्यांतून दिसतं. भट्टीची वीट, आणि गिलावा आधी त्यांच्या बाजूने. चाचा सिमेंटचा माल पसरून थर लावत होते, मी पिंपात विटा बुडवत होतो. "कोरडी वीट मालातलं पाणी पिती," ते एवढंच बोलले. "पोटभर पाज तिला."

भिंत खांद्याएवढी झाल्यावर पलीकडून चाची म्हणाल्या, "लिव्ह की आता बाबा, किती लिव्हायचं ते!"

लेक आली तेव्हा गिलावा वाळला होता. आबा मात्र अजून त्या फळ्यासमोरून जाताना चाल वाढवतात. तिथे मी खडूने जे लिहिलं ते बाहीने पुसलं गेलेलं नाही.

म्हणून सांगतो. तुम्हाला कुंपण घालायचं असेल, किंवा दुसऱ्याला घालू द्यायचं नसेल, तर वीट, पत्रा, जाळी यांतलं काय घ्यायचं ते नंतर ठरवा. आधी घरातल्या बाईला पलीकडच्या बाईकडे पाठवा. तुम्हाला ती सांगणार नाही. मग परवानगी घेऊन तुम्हीही जा, तिच्या कपडे धुण्याच्या दगडावर बसा आणि तिथून आपलं घर बघा. आजच जा.