सिग्ने आणि हट्टी मूत्रपिंडं

सिग्ने चिडली की ओरडायची नाही. उष्टा मग न विसळता तसाच सिंकमध्ये ठेवून निघून जायची. स्वीडनमधल्या उप्सालातल्या आमच्या प्रयोगशाळेत याहून मोठा गुन्हा नाही, त्यामुळे सगळ्यांना कळायचं, आजही मूत्रपिंडंच नडली.

तिचं काम सांगायला सोपं. कर्करोगाच्या पेशींवर एक खूण असते, तिला घट्ट चिकटेल असं इवलंसं प्रथिन घडवायचं. त्याला किरणोत्सारी अणू बांधून शरीरात सोडायचं, म्हणजे स्कॅनमध्ये गाठ उजळते. ते लहान, म्हणून गाठीपाशी झटकन पोचतं. पण लहान म्हणूनच उरलेलं सगळं मूत्रपिंडांत गाळलं जातं आणि बाहेर पडायचं सोडून तिथेच ठाण मांडतं. उंदरांचे स्कॅन मी करायचो. गाठ ठिपक्याएवढी चमकायची आणि मूत्रपिंडं पेटलेल्या शेगड्यांसारखी. निदानापुरतं ते चालायचं. पण जहाल किरणांनी गाठ जाळायची म्हटली, तर आधी मूत्रपिंडंच जळणार.

"अणू बदलला, टोक बदललं, अर्धं प्रथिन नव्यानं बांधलं," कॉफीच्या वेळी वेलदोड्याचा बन कुस्करत ती म्हणायची, "आणि ही दोघं ढिम्म!"

माय नावाची तिची धाकटी बहीण येव्ले शहरात बस चालवायची. तिच्या स्तनाचा कर्करोग बरा होऊन बरीच वर्षं झाली होती आणि आता मणक्यात एक डाग निघाला. त्यावर ती खूण आहे का, हे कळल्याशिवाय औषध ठरेना, आणि तपासायला तुकडा काढावा, तर सुई घालायला जागा भलतीच अवघड. डॉक्टरांनी तिला सिग्नेच्याच प्रथिनाच्या चाचणीत घेतलं. सिग्नेला मात्र, नातेवाईक म्हणून, लांब राहायला सांगितलं.

"टोचणार काय, ते तरी सांग," माय फोनवर कातावली. तिचा आवाज माझ्या टेबलापर्यंत येत होता.

"मला बोलायची परवानगी नाही."

"अगं, तूच बनवलंयस ना ते?"

"म्हणूनच नाही!"

स्कॅननंतरच्या गुरुवारी माय आमच्याबरोबर जेवायला आली. वाटाण्याच्या सुपाचा वाडगा बाजूला सारून तिनं फोनवरचा आपला स्कॅन सिग्नेपुढे धरला. "डॉक्टरांची वेळ सोमवारची आहे. तोवर माझा जीव थाऱ्यावर नाही. हे दोन केवढे पेटलेत बघ! इथंही पसरलंय?"

"मूत्रपिंडं आहेत ती. सगळ्यांचीच अशी दिसतात."

"सगळ्यांची? मग नीट का नाही करत तुम्ही लोक? माणूस घाबरून मरेल ना!"

सिग्नेनं चमचा खाली ठेवला. मला वाटलं, आता सूप बहिणीच्या अंगावर जातंय. पण तिची नजर फोनवरच खिळली होती. मणक्यात एक बारका ठिपका लख्ख उजळला होता.

"खूण आहे," ती हळूच म्हणाली. "माय, खूण आहे गं. यावर औषध आहे." आणि आमच्या त्या गजबजलेल्या जेवणघरात ती हुंदके देऊन रडायला लागली. माय बावचळून म्हणाली, "आजारी मी आहे ना?"

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. औषध लागू पडलं. डाग आटला आणि माय पुन्हा बसवर रुजू झाली.

मूत्रपिंडांवर तोड काढली ती युहानी नावाच्या आमच्या स्टॉकहोमच्या सहकाऱ्यानं. तो म्हणाला, "प्रथिन आधी नुसतंच पाठव. मूत्रपिंडांना हवं तेवढं गिळू दे. किरणोत्सारी तुकडा मागाहून सोड. तो गाठीवरच्या प्रथिनाला जाऊन जुळेल, गिळलेलं त्याच्या हाती लागणार नाही, आणि उरलेला तुकडा लघवीतून निघून जाईल."

"एका इंजेक्शननं माझं डोकं खाल्लं, आता दोन?" सिग्ने फणकारली. तरी तिनं करून पाहिलं. पहिल्यांदाच उंदराची गाठ मूत्रपिंडांहून जास्त उजळली. सिग्नेनं पडदा जवळून न्याहाळला. मग मला विचारलं, "उंदीर उलटा ठेवलायस का?"

उंदीर सुलटाच होता. पण उंदरावर जमलेलं माणसावर वापरायचं म्हणजे तपासण्या आणि परवानग्या यांना अंत नाही. तोवर सिग्ने निवृत्त झाली. अजून दर आठवड्याला तिचा फोन येतो.

"सुरू झालं का माणसांवर?"

"नाही अजून."

"मग फोन कसले उचलतोस? काम कर!"