काळूरामने सरळ केलेलं शिंग

आमच्या शेणवे गावात रविवारी दुपारी बल्ब पिवळा पडला आणि पंखा रेंगाळू लागला, की आम्ही वीजवाल्यांना शिव्या देत नाही, काळूरामला देतो. त्याने विजेच्या झोताने पत्रा कापणारा प्लाझ्मा कटर सुरू केलेला असतो. माझं घर त्याला अगदी लागून, त्यामुळे पहिली शिवी माझी.

काळूराम पेशाने काही कापणारा नव्हे. मुरबाडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तो बावीस वर्षं स्टोअर सांभाळतो. कापणारे कामगार कटरच्या तोंडाचं नोझल मागायला येत, हा सही घेऊन देई. जोडीच्या वस्तूंबद्दल भारी काटेकोर. दोन बिजागऱ्यांत केसभर फरक दिसला तरी माल परत. पलीकडे निळ्या झोताखाली जाड पत्रा लोण्यासारखा कापला जाई आणि हा जाळीमागून बघत राही. हात लावायची परवानगी नव्हती. शेवटी कारखान्याने जुनं मशीन भंगारात काढलं तेव्हा यानेच ते उचललं आणि एसटीने गावात आणलं. कंडक्टरने लगेजचं तिकीट फाडलं, काळूरामने मशीनला खिडकीची जागा दिली.

तेव्हापासून दर रविवारी तो पत्र्याचे मोर कापतो. नको म्हणणाऱ्यालाही देतो. माझ्याकडे दोन आहेत; एकावर आमची ही पायपुसणी वाळत घालते.

हे सगळं गावाने हसत सोसलं असतं, पण गेल्या पौषात ठिणग्या कुंपणाखालून पलीकडे गेल्या आणि बाईजाबायची पेंढ्याची उडवी पेटली. बाईजाबाय ही काळूरामची थोरली बहीण, दिलेलीही गावातच, कुंपणापलीकडच्या घरात. सगळा गाव हंडे घेऊन धावला. म्हैस वाचली, तिचा वर्षाचा चारा राख झाला. काळूरामने दुसऱ्या दिवशी किन्हवलीहून टेम्पोभर पेंढा आणून टाकला. पेंढा तिने ठेवून घेतला, कारण म्हशीचा काही गुन्हा नव्हता. भावाशी बोलणं मात्र बंद.

बंद म्हणजे अगदीच नाही. काही सांगायचं असलं की ती गोठ्यात उभी राहून त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हशीला सांगे. नळाला पाणी आलं, भावकीत बारसं आहे, अमक्याचं अंग दुखतंय तर शेक घ्यावा. काळूरामही म्हशीला उत्तर देऊ लागला. त्यामुळे चंद्रीला, म्हणजे त्या म्हशीला, गावातली इतकी माहिती झाली, जितकी पोलीस पाटलाला नसेल.

नवरात्रात मात्र तिने चंद्रीला सांगितलं, “या भाऊबीजेला आपल्या दारात कोनी येव नये. मी पाट मांडनार नाय.”

काळूराम माझ्या ओट्यावर येऊन बसला आणि चक्क रडला. त्यांची आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा, बाईजा अकराची. कडेवर घेऊन तिनेच त्याला वाढवलं. इतक्या वर्षांत तिची भाऊबीज एकदाही चुकली नव्हती. एकदा त्याला ताप होता तर खाटेशी येऊन ओवाळून गेली. पन्नाशीचा माणूस रडताना कुठे बघावं मला कळेना. मी चहा टाकायला आत गेलो आणि उगाच जास्त वेळ लावला.

मग त्याच्या डोक्यात आलं, की बहिणीला पत्र्याची चंद्रीच कापून द्यायची, हुबेहूब. माझ्याच मोबाइलवर फोटो काढला, तीन रविवार खपला. मोरांचा कंटाळा आलेल्या आम्हा लोकांनाही कबूल करावं लागलं, की म्हैस झकास उतरली आहे. दिवाळी पाडव्याच्या सकाळी त्याने ती बाईजाबायच्या कुंपणाला टेकवून ठेवली.

बाईजाबायने बराच वेळ निरखून पाहिलं. मग गोठ्याकडे वळून म्हणाली, “कोनाची म्हस आनली गो ही? तुझं शिंग कोनी सरळ केलं?” आणि आत निघून गेली.

चंद्रीचं उजवं शिंग ऐटीत मागे जातं, डावं मात्र खाली वळून गालावर टेकतं. काळूरामने दोन्ही सारखी कापली होती. का, तर म्हणाला, जोडी जुळत नव्हती. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, अरे, ते शिंग गालात घुसू नये म्हणून तुझी बहीण दरवर्षी त्याचं टोक करवतीने कापते, अंधारातही तिला ते ओळखू येईल, आणि तू तिथे स्टोअरकीपर झालास.

भाऊबीजेला सकाळीच माझा पंखा रेंगाळला. शिवी न देता मी कुंपणाशी गेलो. काळूरामने नवा पत्रा मांडला होता. पाठ, पोट, शेपूट झालं. डोक्याशी येऊन हात अडला. फोटोत बघे, खडूने रेघ मारी, पुसे. बावीस वर्षांची सवय त्याचा हात खाली वळू देईना.

तेवढ्यात बाईजाबाय कुंपणातून आली, दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या. तिने अंगणभर पाणी शिंपडलं, पत्र्याभोवतीचं गवत ओलं केलं. मग उकिडवी बसून त्याच्या हातातला खडू घेतला आणि एका दमात रेघ ओढली.

“इथनं खाली जातंय, काळू. मंग गालाशी वळतंय. काप आता.”

काळूराम तसाच उभा राहिला. दहा महिन्यांनी तिने त्याचं नाव घेतलं होतं. मग भानावर येऊन म्हणाला, “डोळे झाक, बाय.” तिने पाठ फिरवून पदर डोळ्यांवर घेतला आणि त्याने ते वाकडं शिंग, रेघेवरून जराही न ढळता, कापलं.

ताट तिने तिथेच आणलं. पाट नव्हता, म्हणून तो उलट्या घमेल्यावर बसला. कपाळावर इतकी काजळी, की कुंकू धरेना; तिने पदराने पुसून पुन्हा लावलं. ओवाळणी म्हणून त्याने ती म्हैस ताटात ठेवायला घेतली, ताट कललं, निरांजन विझता विझता वाचलं, आणि बाईजाबायचा बांध फुटला. उडवीपासून सुरुवात करून दहा महिन्यांचं साठलेलं सगळं तिने त्याला तिथेच सुनावलं. तो घमेल्यावर मान खाली घालून ऐकत होता. अर्ध्या तासाने ती दम खायला थांबली.

काळूराम म्हणाला, “अजून बोल ना, बाय.”