शुवाईच्या आईच्या गादीखालच्या फळ्या

आमच्या साकुब्वा वस्तीत बाईच्या अंगावरचा लाल ब्लाउज म्हणजे चेष्टा नाही. चर्चच्या गुरुवारच्या प्रार्थनेतल्या बायकांनाच तो मिळतो, आणि पुरतानाही तोच अंगात घालतात. काढून घेतला, तर त्या बाईच्या मयताला कुणी गात नाही. शुवाईची आई आयुष्यात घाबरली ती एवढ्या एका गोष्टीला. नवरा दारुडा निघाला तेव्हाही इतकी घाबरली नव्हती.

मयताच्या खर्चासाठी आम्ही बायकांनी जमवलेल्या फंडाची ती खजिनदार. पैसे बँकेत, आणि गुरुवारी सगळ्यांनी ठरवल्याशिवाय हात लावायचा नाही, हा नियम. पण त्या वर्षी सकाळी पावाला पुरणारे पैसे संध्याकाळी काडेपेटीला पुरत नव्हते. गुरुवारपर्यंत थांबायचं तर फंडात उरणार काय, कपाळ? सोमवारीच तिनं सगळे पैसे काढले, तडक लाकडाच्या वखारीत गेली आणि मयताच्या पेट्यांसाठी फळ्या घेतल्या. वखारवाल्यानं फसवू नये म्हणून वेडी लाल ब्लाउज घालून गेली. तो चर्चला आणि मयताला घालायचा, बाजारात नाही. सगळ्या गावानं पाहिलं.

फळ्या तिनं पलंगावर गादीखाली रचल्या. पोलीस तेव्हा साठेबाज शोधत घरोघर फिरत होते. दार वाजलं की चुलीवरचा मक्याच्या पिठाचा सादझा तसाच सोडून ती गादीवर जाऊन बसायची.

"अगं, सांगून टाक बायकांना," मी म्हटलं.

"आणि ब्लाउज मागितला तर? मला काय गाण्याशिवायच पुरणार?"

"आधी मर तरी."

ती हसली नाही.

गुरुवारी प्रार्थनेत आमच्या पुढारीण, पाळकांच्या पत्नी पाळकीणबाईंनी सरळ विचारलं, "शुवाईच्या आई, ब्लाउज घालून बाजारात काय विकत होतात?"

आम्हाला घरी नेऊन तिनं गादी उचलली. बँकेत राहिले असते तर त्या पैशात खिळासुद्धा आला नसता, हे सगळ्यांना कळलं. तरी नियम तो नियम. पाळकीणबाईंनी हात पुढे केला. शेवटच्या बटणापाशी ती थांबली, ते मलाच काढावं लागलं. मला भयंकर राग आला होता. कुणाचा, ते विचारू नका.

मग पावसाबरोबर कॉलरा आला. ज्याच्या घरी मयत, तो तिच्या दारात. गादी खाली खाली जाऊ लागली. अंगावर ब्लाउज नाही म्हणून मयताला ती दफनभूमीच्या कुंपणाबाहेर उभी राहून ओठातल्या ओठात गायची.

एका पेटीपुरत्या फळ्या उरल्या आणि तीच कॉलऱ्यानं आडवी झाली. त्या दुपारी पाळकीणबाई आल्या. त्यांच्या सासूबाई गेल्या होत्या. मागायला तोंड नव्हतं, दारात नुसत्या रडत होत्या.

"न्या," शुवाईची आई म्हणाली. मग माझं मनगट धरून कुजबुजली, "मला भीती वाटते गं. माझं गाणं कोण म्हणेल?"

तिला उचलून खाली चटईवर ठेवलं, तेव्हा फळ्या निघाल्या. पाळकीणबाईंनी स्वतःचा ब्लाउज तिथंच काढला आणि तिच्या अंगात घातला. तिला तो पोत्यासारखा झाला. सगळी बटणं लागलीत ना, ते तिनं हातानं चाचपून पाहिलं.

रविवारी तिला त्याच ब्लाउजात, घोंगडीत गुंडाळून पुरलं. पाळकीणबाई साध्या कपड्यांत कुंपणाबाहेर उभ्या होत्या. गाणं त्यांनीच सुरू केलं.