वलांडी हद्दीच्या आत आहे का

भाईंदर पूर्वेच्या आमच्या वन रूम किचनमध्ये रविवारी सकाळी पत्रकांचा गठ्ठा यायचा. बाबा तो आणायचे, आई भाजी टाकून घड्या घालायला बसायची आणि मी जिन्याजिन्याने वाटत फिरायची. पाणी येत नाही, बोनस थकवला, शाळेने फी वाढवली. मी सलग वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरच. त्यामुळे अन्याय ओळखायला मला वेळ लागत नाही. लागायला हवा तेवढाही लागत नाही, हे मला समुद्रकाठच्या एका गावात कळलं.

नोकरीत मी नकाशांचे प्रोग्राम लिहिते. शहराचा नवा आराखडा आला तेव्हा त्यात या गावाची बोंबील वाळवायची जमीन ‘मोकळी जागा’ म्हणून दाखवली होती. हरकती घेण्याची मुदत होती. जागा मोकळी नाही, तिच्यावर वलांड्या आहेत आणि वलांड्यांवर घरं चालतात, हे गावाला लिहून द्यायचं होतं. वलांडी म्हणजे बांबू रोवून त्यांना बांधलेल्या दोऱ्यांची लांब ओळ. तिच्यावर दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून टांगतात. मी आपणहून गेले. तीन शनिवार फोन घेऊन प्रत्येक वलांडीच्या दोन्ही टोकांच्या बांबूंपाशी उभी राहिले, जागेची नोंद घेतली आणि नकाशावर रेघा काढल्या. मग सगळ्यांत बाहेरच्या बांबूंचे बिंदू जोडून जमिनीची हद्द केली. प्रोग्रामने प्रत्येक रेघेला एकच प्रश्न विचारायचा होता, तू या हद्दीच्या आत आहेस का? ‘हो’ आलं तर ती यादीत.

यादी गावच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी मोठ्याने वाचली. वाचून झाल्यावर मागे बसलेल्या एका मावशींनी विचारलं, “माजी?”

त्यांची नव्हती. नवरा गेल्यावर होडी विकून त्यांनी हीच एक वलांडी ठेवली होती. दुसरं काही नव्हतं. यादी तशीच गेली असती, तर कागदावर त्यांची जागा कोणाचीच नव्हती.

मी प्रोग्राम पुन्हा चालवला. पुन्हा ‘नाही’. आणखी तिघांच्या वलांड्याही गळल्या होत्या. माझं डोकं तापलं. हद्द काढताना माझ्या रेघांखाली आराखडा करणाऱ्या कार्यालयाचा नकाशा अंथरला होता, म्हणजे जमीन त्यांनीच कापलेली असणार. तिथेच बसून मी पत्रक लिहायला घेतलं. मथळा जमला, तीन वाक्यं जमली, ‘चोरी’ हा शब्द दोनदा आला. बाबांना फोन करून वाचून दाखवलं.

“तपासलंस का?” ते म्हणाले.

“दोनदा.”

“यंत्र दोनदा चालवलंस. तपासलंस का? एक वाक्य खोटं निघालं ना, की खरी नऊ कोणी वाचत नाही. आम्ही एकदा तोंडघशी पडलोय. सही माझी होती.”

मी चिडून फोन ठेवला. मावशी शेजारी येऊन बसल्या होत्या. लॅपटॉपवरच्या रेघा त्यांनी बोट लावून बघितल्या.

“ही मी काय?”

“हो.”

“आनि ही लाल?”

“ती हद्द.”

“मंग मना तू कुंपनातच चिनलीस की गो. आत न्हाय, भायेर न्हाय. कसं सापडंल तुज्या यंत्राला?”

पुढे बसलेला एक जण हसला. “मावशीला नोकरीला घ्या मॅडम.”

मी एक चौकोन काढला, त्याच्या एका बाजूवर नेमकी बसेल अशी रेघ काढली आणि तोच प्रश्न विचारला. उत्तर ‘नाही’. मावशींचं खरं होतं. हद्द मी त्यांच्याच बांबूंवरून काढली होती, म्हणून त्यांची रेघ हद्दीवर तंतोतंत बसत होती. आणि मी वापरलेली आज्ञा काठालाच चिकटलेल्या रेघेला आत मानत नाही. तिचा थोडा तरी भाग काठ सोडून आत यावा लागतो. कार्यालयाने तिथे काहीच कापलं नव्हतं. कापलं होतं मी.

दुसरी आज्ञा आहे. ती एवढंच विचारते, तुझा कुठलाही भाग बाहेर जात नाही ना? ती घातली आणि चारही वलांड्या ‘हो’ म्हणाल्या. मी मावशींना स्क्रीन दाखवली. वाटलं, संपलं.

त्या मात्र बघतच राहिल्या. “बोंबील पालटायला मी उबी कुठं ऱ्हाऊ?”

“म्हणजे?”

“ह्या अंगानं येक बाय, त्या अंगानं येक. पलीकडं उबं ऱ्हायचं तर तुज्या लाल रेघंच्या भायेर जावं लागतंय. उद्या तिकडं भिंत घालतील. मंग वलांडी माजी नि अंगण त्यांचं?”

याला कुठली आज्ञा नव्हती. प्रोग्राम आता बरोबर होता, हद्दच चुकीची होती. मी बांबू मोजले होते, माणसं उभी राहतात ती जागा मोजली नव्हती. आम्ही उन्हात परत गेलो. मावशी बाहेरच्या बांबूंच्या पलीकडून, टोपली घेऊन जावं लागतं तितकं अंतर ठेवून चालत गेल्या आणि मी त्यांच्या मागून फोन धरून. मध्येच थांबून म्हणाल्या, “नीट चाल बाय, माज्या पावलावर. उगा सरकारची जमीन घेऊ नको.”

नवी हद्द काढली. पहिल्याच प्रश्नाला सगळ्या वलांड्यांनी ‘हो’ म्हटलं, दुसरी आज्ञा लागलीच नाही. मुदत संपायच्या आदल्या दिवशी हरकत दाखल झाली. निकाल अजून यायचा आहे, आणि उलटा आला तर काय करायचं ते मला ठाऊक आहे. पण तो लढा खऱ्या आकड्यांवर उभा असेल. ‘चोरी’ लिहिलेलं ते पत्रक वाटलं गेलं असतं, तर पहिल्याच सुनावणीत कोणीतरी माझीच चूक माझ्यापुढे ठेवली असती आणि मावशींची वलांडी त्या हशात गेली असती. बाबांनी मला अडवलं आणि मावशींनी वाट दाखवली. या दोघांची मी ऋणी आहे, आणि हे मी सहीनिशी लिहिते आहे.

हरकतीची पोच मिळाल्यावर मावशींनी यादीतली स्वतःची ओळ शोधून त्यावर बोट ठेवलं. वाचता येत नाही म्हणून आपल्या आकड्याचा आकार पाठ करून आल्या होत्या. मग पदर खोचून म्हणाल्या, “चल, माल पालटायचा हाय. तू त्या अंगानं उबी ऱ्हा.”