चुंबक घेऊन भंडाऱ्याला

नातवंडांना सांगत नाही, तुम्हाला सांगते: पदार्थविज्ञानाची एम.एस्सी. होऊनही मी एकदा शुद्ध तांबं शोधायला चुंबक घेऊन निघाले होते. तेही चारचौघांत, मान ताठ करून.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. संशोधनासाठी तांब्याची तार हवी होती. परदेशातली येईना आणि अतिथंड यंत्रावरची माझी पाळी तोंडावर आलेली. नागपूरहून भंडाऱ्याची एसटी धरली.

खिडकीबाहेर धानाचे पुंजणे (कापलेल्या पिकाचे ढीग) मागे पडत होते. शेजारी मासळीची टोपली घेतलेली एक बाई. माझ्या मांडीकडे बघून म्हणाली, "हे काय होय वं?"

"चुंबक. लोखंड ओढतो."

"मच्छी ओढते का?"

"नाही."

"मंग कायले वागवून राहिली?"

अख्खी बस हसली. मी इंग्रजी पुस्तक उघडून त्यात तोंड लपवलं.

भंडाऱ्यात उतरल्यावर रश्शातल्या आलुबोंड्याने जीभ पोळली. तशीच एका तांबटाच्या दुकानात शिरले आणि तुकड्या-तुकड्याला चुंबक लावत बसले. चिकटत नाही, म्हणजे चुंबकी भेसळ नाही, असं माझं थोर शास्त्र. तांबट काकाजी कंटाळून म्हणाले, "झालं असंन त सांग बाई, भट्टी थंडी होऊन राहिली." चिखल्याच्या खाणीकडून आलेल्या भंगाराची त्यांनी ओतलेली लगड मला पसंत पडली. तिचा तुकडा घेऊन परतले आणि त्याची बारीक तार ओढून घेतली.

विजेच्या प्रवाहातल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनाला स्वतःची फिरकी असते, जणू इवलासा चुंबकच. शुद्ध तांब्यातून तो बराच पल्ला ती फिरकी सांभाळत जातो. वाटेत मँगनीजचा चुंबकी अणू भेटला, की फिरकी उलटते, वाट अडते. लाखात दोन-चार अणू पुरतात. ते माझ्या चुंबकाला काय कळणार? तांबं थंड करत गेलं की विजेला होणारा अडथळा कमी होतो. माझ्या तारेतही झाला. मग कडाक्याच्या थंडीत पुन्हा वाढू लागला. तपासलं तर मँगनीज; चिखल्याची खाण मँगनीजचीच. यंत्रातून वर काढताना तार तुटली.

मी रडवेली. माझे मार्गदर्शक सर मात्र खुर्चीत पुढे सरकले. "याच तांब्याची दुसरी तार अशीच वागली, तर हाच तुझा प्रबंध. नाहीतर एक फसलेलं मोजमाप."

पुन्हा एसटी. उरलेल्या तांब्याचं भांडं झालं असेल तर संपलंच, हा घोर भंडाऱ्यापर्यंत. पोचले तेव्हा काकाजी त्याच लगडीवर हातोडा चालवत होते, गुंड (पाण्याची मोठी घागर) घडवायला. मला बघताच म्हणाले, "वापस घेत नाही आमी."

"वापस नाही काकाजी. त्यात मँगनीज निघालं. तेच तांबं आणखी हवंय. ठोकू नका."

हातोडा थांबला.

दुसरी तारही तशीच वागली. प्रबंध झाला, पुढे तीच भेसळ मी विद्यार्थ्यांना आयुष्यभर शिकवली. चुंबक कुठे गेला कोण जाणे. पण त्या दिवशी तुकडा कापून हातात देताना काकाजी काय म्हणाले, ते शब्दन् शब्द आठवतं:

"खोट निघाली म्हणून भांडाले लोक रोज येतेत, पोरी. खोट मागाले आलेली तू पहिलीच. घे."