सिस्टरचं आमेन

‘कशा आहात?’ या प्रश्नाचं खरं उत्तर देणारी एकच व्यक्ती आमच्या मुलुंडच्या चर्चच्या मंडळीत होती. उपासना संपली की पाळकसाहेब दारात उभे राहून हात मिळवत आणि सगळे ‘प्रभूच्या कृपेने बरं आहे’ म्हणून चपला शोधायला लागत. सिस्टर थांबायची. ‘बरं नाही, साहेब. पित्त झालंय. त्यात तुमचा उपदेश आज फार लांबला.’ मागची रांग ताटकळायची आणि मनातून खूशही व्हायची.

चाळीस वर्षं नर्सची नोकरी करून ती निवृत्त झाली होती. लग्न केलं नव्हतं. आमच्या शेजारच्या इमारतीत एका खोलीत राहायची. तिला नाव होतं, पण सगळे तिला सिस्टरच म्हणत.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे. कुणाविषयी मनात काही ठेवून भाकरी घेऊ नये, हे सगळ्यांना पाठ होतं आणि सिस्टर ते पाळायची. भाकरीच्या आधी उठून ती समोरच्या बाकाकडे जाई. एकदा मंडळीच्या खजिनदारांच्या बायकोला म्हणाली, ‘तुझ्या नव्या पडद्यांना मी मागे नावं ठेवली. माफ कर.’ आणि परत फिरता फिरता, ‘पडदे वाईटच आहेत, पण ते तुझ्या तोंडावर सांगायला हवं होतं.’ त्यानंतर काही महिने पहिल्या रविवारी बऱ्याच लोकांना सर्दी होऊ लागली.

बुधवारी कुणा ना कुणाच्या घरी प्रार्थना असे. आपापली विनंती सांगायची आणि ज्याला सांगायची नसेल त्याने हात वर करून ‘मुकी विनंती’ म्हणायचं, असा रिवाज होता. सिस्टरला तो मान्य नव्हता. ‘मुक्याने सांगायचं तर घरी सांगा, देवाला ऐकू येतं. आम्हाला जमवलंत, तर आम्हालाही कळू द्या.’ जी प्रार्थना तिला पटायची नाही, तिला ती आमेन म्हणत नसे. डोळे मिटून, ओठ मिटून बसायची.

आमच्या घरी मुक्या विनंतीपेक्षा मोठी गोष्ट होती. माझा मोठा भाऊ गल्फला होता. म्हणजे आम्ही तसं सांगत होतो. खरं तर तो ठाण्याच्या मनोरुग्णालयात होता. मी लग्नाची होते, घाटकोपरचं एक स्थळ होकाराच्या बेतात होतं, आणि हे कळलं तर ते मोडेल म्हणून पप्पांनी दादाला वाळवंटात पाठवला. ऐंशीच्या दशकातल्या त्या वर्षांत प्रत्येक घरातलं कुणीतरी तिकडे होतंच, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. उलट खजिनदारांनी रेडिओ-टेपच्या टू-इन-वनची ऑर्डर दिली. नाताळात पप्पांनी बाजारातून परदेशी साबण आणले आणि आईने ते दादाच्या नावाने वाटले. दर बुधवारी पाळकसाहेब भूगोलाची उजळणी करत प्रार्थना करायचे: ‘हे प्रभू, इस्राएलाला वाळवंटात सांभाळलंस, तसं आमच्या या भावाला सांभाळ.’ सगळे आमेन म्हणायचे. सिस्टर नाही.

हे आईच्याच लक्षात आलं. नाताळानंतर एका दुपारी सिस्टर आली आणि तिने साबणाची वडी टेबलावर ठेवली. आईला इस्पितळाच्या बसस्टॉपवर उतरताना तिने आठ महिन्यांपूर्वीच पाहिलं होतं.

‘साबण चांगला आहे, सुलभा. पण मला तो वापरवत नाही.’

आईचा चेहरा उतरला. ‘कुणाला सांगणार आहात, सिस्टर?’

‘मी कशाला सांगू? ते तुझं आहे, तूच सांगायचं. नाही सांगितलंस तरी मी तोंड उघडणार नाही. फक्त आमेन म्हणायला लावू नकोस.’

मला तिचा फार राग आला. खरेपणाची हौस असणाऱ्यांना लग्नाची मुलगी नसते, असं मी मोठ्याने म्हणालेसुद्धा. सिस्टर म्हणाली, ‘खरंय,’ आणि उठून गेली.

पुढे दोन बुधवार आई तिच्या मिटलेल्या ओठांकडे बघत बसली. तिसऱ्या बुधवारी प्रार्थना आमच्याकडे होती. पाळकसाहेब वाळवंटात शिरले आणि आई मध्येच म्हणाली, ‘साहेब, तो तिथे नाही. ठाण्यात आहे. वेड्यांच्या इस्पितळात.’

पप्पा भिंतीकडे बघत राहिले. चहा कुणी प्यायलं नाही. जाताना खजिनदार दाराशी घुटमळले. मला वाटलं, टू-इन-वनचं विचारतील. त्यांनी विचारलं, ‘भेटायची वेळ काय असते?’

घाटकोपरहून पुन्हा निरोप आला नाही. सिस्टर माझ्याकडे येऊन म्हणाली, ‘यात माझा हात आहे. मला वाईट वाटतं. पण तुझी आई आता झोपते, हेही मी बघते.’ मी महिनाभर तिच्याशी बोलले नाही. ते स्थळ पुढे खरोखरच गल्फला गेलं. दर रविवारी ठाण्याच्या बसमध्ये सिस्टर आणि खजिनदार शेजारी बसून जात, आणि वर्षभराने दादा घरी आला. पूर्ण बरा नव्हता, पण आला.

त्यानंतर तीन वर्षांनी बुधवारची प्रार्थना सिस्टरच्या खोलीत होती. विनंत्या सुरू झाल्या आणि तिने हात वर केला. ‘माझी एक मुकी विनंती.’

कुणी कुणाकडे बघेना. पाळकसाहेबांनी मान डोलावून डोळे मिटलेही. तेवढ्यात आई उठून तिच्या खाटेवर जाऊन बसली.

‘मुकी चालत नाही, सिस्टर.’

सिस्टर पदराचं टोक मुडपत राहिली. मग म्हणाली, ‘गाठ आहे. कसली ते मला कळतं, अशा पुष्कळ बघितल्यात.’ आणि अगदी हळू, ‘भीती वाटते गं, सुलभा.’

त्या दिवशी पाळकसाहेबांची प्रार्थना एका वाक्यात आटपली: ‘प्रभू, हिला भीती वाटते, हिच्याजवळ राहा.’ सगळ्यांत मोठ्याने आमेन दादा म्हणाला. सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, थोडं थांबून, सिस्टरही म्हणाली.