ग्रहणात चिरलेलं वांगं

लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची मला भारी हौस. ताऱ्यांचा अभ्यास हे माझं पोटापाण्याचं काम. सुट्टीत वाशीमला घरी आलो की कुठल्या तरी शाळेत कार्यक्रम ठरलेला. कामरगावच्या त्या दुपारीही कृष्णविवर झालं, परग्रहावरचे जीव झाले, टाळ्या झाल्या. मी चांगलाच फुशारलो होतो.

मग मागून एक तरुण बाई उठली. कडेवर तान्हं पोर, त्याचा वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला. शेजारी तिची सासू.

"सायेब, हा पोटात असताना गिरानात मी वांगं चिरलं. म्हून याचा ओठ फाटला का?"

ग्रहणात गरोदर बाईनं विळीला हात लावायचा नाही, हे आमच्या घरीही पाळत. तिला माझ्याकडून एकच शब्द हवा होता, 'नाही', तोही सासूच्या देखत. आणि मी परिषदेत बोलतो तसा बोललो. ग्रहण म्हणजे नुसती सावली. तिचा गर्भावर परिणाम होतो असा पुरावा आढळलेला नाही.

"मंग काहून फाटला?" सासूनं विचारलं.

"कारणं बरीच असू शकतात. या बाळाचं नेमकं सांगता येणार नाही."

"म्हंजे यायलेबी मालूम नाही," असं शेजारणीला म्हणून सासू उठली. मागोमाग सूनही गेली.

मी धावत जाऊन त्यांना जीपपाशी गाठलं. "आजी, हिची काही चूक नाही. अजिबात नाही."

"आता तिच्या डोळ्यात पानी पाहून म्हनता. मघाशी चार लोकात तं असं नाही म्हटलं."

मी प्रामाणिक उत्तर दिलं, असं बरेच दिवस स्वतःला बजावत राहिलो. त्या प्रामाणिकपणाची आता किळस येते. कार्यक्रम ठेवणाऱ्या मास्तरांनी पुढे फोनवर सांगितलं, पोराचं ऑपरेशन झालं, ओठ छान जुळला. तिला मात्र पोरासकट माहेरी आसेगावला धाडलं, ते परत आणलंच नाही.

मला अजून बोलावणी येतात. मी जातो, विश्व कसं जन्मलं ते सांगतो, आणि मागून एखादी बाई उठली की तिच्या कडेवर पोर आहे का ते आधी पाहतो.

यंदा ग्रहण झालं तेव्हा मास्तरांचा पुन्हा फोन आला. ग्रहण लागल्यापासून सुटेपर्यंत ती पोराची आई म्हणे दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून होती, पोटात मूल नसताना.